मळभाचा आठवडा आणि एक ठिपका

माझ्या सुना म्हणतात, आमच्या सासूबाई फार संशयी. दुधात बोट बुडवून बघतात, तांदूळ दाताखाली फोडून घेतात, आणि आभाळ अगदी निरभ्र दिसलं की वाळवण आत घ्यायला सांगतात. आरोप खरा आहे. एवढंच सांगते की हा स्वभाव मी माहेराहून आणलेला नाही. माहेरी मी भाबडी म्हणून प्रसिद्ध होते. एका मावशीने खडीसाखर म्हणून हातावर तुरटी ठेवली होती, ती मी चघळून संपवली होती आणि वर 'गोड आहे' असंही म्हटलं होतं. संशय मला सासरी लागला, आणि तोही एका आठवड्यात.

तेव्हा मी असेन अठरा-एकोणीस वर्षांची. चहा अजून पाहुणा आला तरच व्हायचा, ते दिवस. सासरचं घर रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, अगदी कडेला. अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की खाली समुद्र दिसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या आगबोटीचा धूर. बंदर तासाभराच्या चालीवर. घरात सासूबाई, सासरे म्हणजे मामंजी, आणि मी. आमचे हे मुंबईला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या कामाला होते. वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण आम्हा दोघांचं जेवढं म्हणून बोलणं झालं होतं ते सगळं छापलं असतं तर एका पानात मावलं असतं, आणि समासही भरपूर उरला असता.

त्या वैशाखात ऊन असं पडलं होतं की कातळावर अनवाणी पाय ठेवला की तळव्याला फोड आणि तोंडातून शिवी एकदमच यायची. विहिरीत दोर संपायचा, पण कळशी बुडत नसे. कावळे चोची उघड्या टाकून फणसाखाली बसून राहत, कोणी हाकललं तरी उडत नसत. मामंजी ओला पंचा डोक्यावर घेऊन ओटीवर आडवे व्हायचे आणि थोड्या थोड्या वेळाने "पेटला गो सडा, पेटला" असं जाहीर करायचे. घरात एकट्या सासूबाई खुशीत होत्या. कारण ते ऊन साठांचं होतं.

साठ म्हणजे आंब्याच्या रसाची वाळवलेली वडीसारखी पोळी. रायवळ आंब्यांचा रस पिळायचा, ताटाला तुपाचा हात फिरवायचा, त्यावर रस पातळ पसरायचा आणि उन्हात ठेवायचा. तो थर सुकला की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा. असं थरावर थर देत जायचं. आमच्या घरचं साठ नऊ थरांचं असे. गावात कोणी सहावर थांबत, कोणी पाचावर, आणि त्यांच्याबद्दल सासूबाई ज्या सुरात बोलत त्या सुरात लोक दारुड्यांबद्दल बोलतात. अंगणात एक बाज टाकलेली, बाजेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. वर पाच ताटं आणि ताटांवर मामंजींचं जुनं धोतर. ताटात सात थर झालेले होते, तेव्हा एका शनिवारी मुंबईहून कार्ड आलं.

मामंजींनी चष्मा लावून ओटीवर मोठ्याने वाचलं. नमस्कार-चमत्कार झाल्यावर मजकूर एवढाच होता: "इकडे उकाडा फार. नळाच्या जवळ खोली मिळाली आहे. साठांची फार आठवण येते. शेवटच्या बोटीनें चांगली सोबत पाहून पाठवून द्यावीं."

शेवटची बोट म्हणजे पावसाळ्याआधीची शेवटची. ती एकदा गेली की समुद्र बंद. मग नारळी पुनवेला दर्यात नारळ पडेपर्यंत मुंबई तिकडे आणि आम्ही इकडे. बोट पुढच्या शनिवारी होती.

आता, पाठवून काय द्यायचं ते कार्डात कुठेच नव्हतं. असणार कसं? त्या काळी वडिलांना लिहिलेल्या उघड्या कार्डात बायकोचा उल्लेख करणं म्हणजे भर ओटीवर तिचा हात धरण्यासारखं. घरी असतानासुद्धा ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. नुसतं "जरा इकडे" म्हणत, आणि मी, सासूबाई आणि गाय अशा तिघी वळून बघत असू.

"साठं पाठवा म्हणतोय," सासूबाईंनी निकाल दिला.

"तसं दिसतंय खरं," मामंजी म्हणाले. "पण मध्येच खोली मिळाल्याचं कशास लिहिलंन?"

"साठं ठेवायला. मुंबईत उंदीर काय थोडे?"

मी माजघराच्या दाराआड उभी होते. "पण साठांना नळ कशाला लागतो?" हे मी मनात म्हणणार होते, ते चुकून तोंडाने म्हटलं गेलं.

मामंजींनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. मग मला बाहेर बोलावलं. मी मराठी चौथी पास होते, हे लग्न ठरवताना त्यांनीच चार लोकांत मिरवलं होतं. "सूनबाय, हा शेवटचा शब्द वाच."

मी वाचला. 'द्यावीं'. वर स्पष्ट ठिपका होता.

आता शाळेत हे ठिपके उरलेले नाहीत म्हणून सांगते. आमच्या वेळी नपुंसकलिंगी अनेकवचनावर अनुस्वार द्यावा लागे, आणि तो विसरल्याबद्दल मी छड्या खाल्ल्या होत्या. बिनठिपक्याची 'द्यावी' म्हणजे एक बाई. ठिपक्यासकट 'द्यावीं' म्हणजे साठं. दोन वर्षांचा संसार त्या एका ठिपक्याला टांगलेला.

"माशी बसली असेल," मी म्हणाले.

"माशी बरोबर वेलांटीवर बसली?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण हा वाद त्यांना बरोबर कळला होता. "तो दिवसभर खिळे जुळवतो. ठिपके लावायचा त्याला पगार मिळतो. त्याचा ठिपका चुकायचा नाय."

"दिवसभर लावून हाताला सवय लागली असेल. एखादा जादा पडला असेल."

"मोडीत ही कटकटच नव्हती," मामंजी हळहळले. "मोडीत कोणी ठिपका देत नसे आणि कोणाचं काय अडत नसे."

सासूबाईंच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. आषाढात भाताची लावणी. मी गेले की चिखलात दोन हात कमी. शेजारच्या वाडीतली एक सून 'जरा पावसाळ्यापुरती' म्हणून मुंबईला गेली होती, तिला जाऊन तीन पावसाळे झाले होते. "साठं मुंबईची, सून मुंबईची, आणि चिखल तेवढा माझा," त्या म्हणाल्या आणि धोतराखाली हात घालून एका साठावर अंगठा दाबून बघू लागल्या.

शेवटी मामंजींनी त्यांच्या मते सगळ्यांना पटणारा तोडगा काढला. "वाद कशाला? साठं म्हणालाय तर साठं पाठवू, सून म्हणालाय तर सून पाठवू. सूनबाय साठं घेऊन जाईल. पण साठं सुकली पायजेत. ओली पाठवली तर वाटेत बुरशी धरतील. शुक्रवारपर्यंत सुकली तर शनिवारच्या बोटीने दोघांची रवानगी. नाय सुकली तर दोघंही नारळी पुनवेनंतर. आणि आता नवे थर नकोत. आहेत ते सात पुरे."

"सात?" सासूबाई म्हणाल्या. पण पुढे काही बोलल्या नाहीत. तिथेच मला संशय यायला हवा होता.

मी मात्र हरखून गेले. पंधरा दिवस जे ऊन पडत होतं त्यात साठंच काय, मामंजी सुद्धा दोन दिवसांत सुकले असते. रविवारी मी पाची ताटं उन्हात फिरवत राहिले, सावली सरकली की ताट सरकवायचं. शेजारच्या काकू डोकावून गेल्या. त्या विधवा, मुलगा मुंबईत गिरणीत. दर वर्षी शेवटच्या बोटीने त्या मुंबईला जात आणि पावसाळा तिथे काढत, कारण त्यांच्या मते मुंबईचा पाऊस कोरडा असतो. चांगली सोबत म्हणतात ती हीच. "ठरलं ना गो?" त्यांनी विचारलं. "ठरलं," मी म्हणाले. कोकणात राहून आभाळाला न विचारता मी असं बोलले, यावरून माझी अक्कल दिसते.

सोमवारी सकाळी उठले तर ऊन नव्हतं. आभाळभर मळभ. दुधावर साय धरावी तसं. वारा नाही, पाऊस नाही, ऊनही नाही. उकाडा तेवढा होता तिथेच. सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या बरणीत हात घातला. खडे हाताला चिकटले. "मीठ पाझरतंय," त्या म्हणाल्या. मला त्यांच्या आवाजात समाधान ऐकू आलं. पण ते माझ्या कानात होतं की त्यांच्या आवाजात, हे आज शपथेवर सांगता यायचं नाही.

दुपारपर्यंत मी अंगणाच्या कडेला उभी राहून समुद्राकडे, आभाळाकडे आणि ताटांकडे आळीपाळीने बघत होते. त्या दुपारी मी ते केलं. कार्ड मामंजींच्या पंचांगात ठेवलेलं असे. एकादशी कधी आहे ते बघायचं म्हणून मी पंचांग काढलं. एकादशीचा आणि माझा तोवर काही संबंध नव्हता, मी उपास करत नसे. सुईच्या टोकाने तो ठिपका हळूच खरवडला. शाई गेली. जरासा कागदही गेला. मग वरून नखाने चोळून सारखं केलं आणि पंचांग जागच्या जागी ठेवलं. ठिपका म्हणून जो काही भुगा निघाला तो कुठे टाकावा हे न सुचून मी तो गिळला. हे लिहितानाही मला हसू येतंय, पण तेव्हा छातीत असं धडधडत होतं की गोठ्यातल्या गाईला ऐकू जाईल.

मंगळवारी नागडा पाऊस. लख्ख ऊन पडलेलं आणि त्यातच सर येऊन जाई. सर आली की मी ताटं आत घ्यायची, सर गेली की बाहेर. पाच ताटं, एका वेळी दोन. दिवसभरात किती वेळा उंबरा ओलांडला ते मोजायचं सोडून दिलं. सासूबाई चुलीपुढून ओरडत, "आलं गो आलं!" आणि मी धावत बाहेर जाई तर काही नसे. एकदा मात्र त्या ओरडल्या नाहीत आणि सर आली. मी पोचले तोवर एका ताटावर टपटप चार थेंब पडलेले. "दिसलं नाय मला," त्या म्हणाल्या. सड्यावर चरणारी कोणाची म्हैस त्यांना घरात बसून दिसे.

तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून राहू लागलो. त्या ताटांजवळ गेल्या की मलाही अंगणात काहीतरी काम निघे. मी गेले की त्यांना झाडू सापडे. मामंजींचा संशय मात्र फक्त आभाळावर. वाऱ्यात धूळ उधळून बघत, मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवे बसून त्या अंडी नेतायत का ते निरखत. "नेतायत. पण वर नेतायत का खाली तेच कळत नाय," असा त्यांचा अहवाल असे.

बुधवारी वारा सुटला. आंब्याची उरलीसुरली फळं धपाधप पडू लागली आणि साठांवर तांबडी माती येऊन बसली. ओल्या फडक्याने पुसावी तर साठ ओलं, न पुसावी तर दाताखाली सडा. मी एक एक खडा नखाने वेचत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना नक्की काय ते हवं होतं. बंदरावर नाव सांगायचं होतं.

"परत वाचून दाखवा बघू," त्या मामंजींना म्हणाल्या. "साठं म्हणालाय का सून, माझं मी ठरवते."

मामंजींनी कार्ड काढलं, चष्मा लावला. शेवटच्या शब्दाशी आले आणि थांबले. चष्मा काढून धोतराला पुसला. पुन्हा लावला. "अरेच्चा," ते म्हणाले. "आता एकवचन झालंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ठिपका नाय. द्यावी. सूनच की मग!" आणि स्वतःशीच म्हणाले, "त्या दिवशी ऊन फार होतं. डोळ्यांपुढे ठिपके नाचत होतेच म्हणा."

काकू टाळी वाजवून हसल्या. "मी म्हटलंच होतं! मेली साठं काय सोबत मागतात?"

मी खाली मान घालून माती वेचत होते. सासूबाईंनी हात पुढे केला आणि मामंजींच्या हातातून कार्ड घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी ते कार्ड उजेडासमोर धरलं, जसं अंडं धरून बघतात तसं, आणि बराच वेळ एका जागी बघत राहिल्या. मग "हं" म्हणाल्या आणि कार्ड परत दिलं.

त्या 'हं'ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

गुरुवारी मात्र ऊन पडलं. कसं? चकचकीत, जुन्या उन्हासारखं, आभाळात एक पिसाएवढा ढग नाही. एवढं चांगलं ऊन की कोणाचाच त्यावर विश्वास बसेना. मामंजी छत्री घेऊन परसात गेले. सासूबाईंनी गवऱ्या आत घेतल्या. मी बाजेशेजारी अंगणातच जेवले. दिवसभर एक थेंब पडला नाही आणि संध्याकाळी मी अंगठा दाबला तेव्हा साठ कातड्यासारखं लागलं. ताटाच्या कडेने हलकेच सुटूही लागलं होतं. मी सुटणारी कड उचलून बघितली, उगाच थर मोजले. आठ. परत मोजले. आठच. चौथी पास माणसाला सात आणि आठ यांतला फरक कळतो. पण मामंजींचा ठिपका नाहीसा होऊ शकतो तर आपला एक थर जादा होऊ शकतो, असं म्हणून मी गप्प बसले. शिवाय सुकलं होतं ना!

शुक्रवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे कळशी घेऊन विहिरीकडे निघाले. मंगळवारी सकाळी साठं रात्रीपेक्षा ओली कशी लागली होती, हे मी मनात घोळवत होते. हवा दमट आहे म्हणावं, तर त्याच हवेत पापड कुरकुरीत होते. गोठ्यापर्यंत गेले, कळशी खाली ठेवली आणि गाईच्या आडून परत अंगणाकडे बघत उभी राहिले. गाईने माझ्याकडे वळून बघितलं. तिलाही शंका आली असावी.

थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या. हातात वाटी. ओटीवर ठेवलेल्या ताटांवरचं धोतर त्यांनी बाजूला केलं आणि बोटांनी पहिल्या साठावर रस पसरायला लागल्या. सराईत हात, एका गोल झोकात कडेपर्यंत. चेहरा असा शांत की देवाला गंध लावत असाव्यात.

"आई!" मी म्हणाले.

त्यांनी दचकायला हवं होतं. त्या दचकल्या नाहीत. वाटी खाली ठेवून बोट चाटलं. "कळशी कुठे हाय?"

"तुम्ही थर घालताय!"

"घालतंय. मंगळवारी एक घातला, हा दुसरा. नऊ होतील. सात थरांचं साठ या घरातनं कधी मुंबईला गेलं नाय आणि माझ्या हयातीत जायचं नाय."

"पण ते सुकणार कसं? आज शुक्रवार!"

"ते मला काय सांगतेस? मला वार कळत नाय होय?" मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू ठिपका खाल्लास. मी थर घातला. आपण दोघी सारख्याच."

खाल्लास म्हणाल्या. हे त्यांना कसं कळलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी रडायला लागले. मग जे पोटात होतं ते सगळं बाहेर पडलं. तुम्हांला मी नको आणि माझे हात तेवढे हवेत, तुम्ही मुद्दाम पावसात ताट भिजू दिलंत, मला जायचंय, ते लिहोत नाहीतर न लिहोत, मला जायचंय. गाईच्या आणि सासूच्या समोर मी जेवढं बोलले तेवढं दोन वर्षांत बोलले नव्हते.

त्या पायरीवर बसल्या. रसाच्या वाटीच्या कडेने बोट फिरवू लागल्या.

"ह्या घरात आले तेव्हा मी चौदा वर्षांची," त्या म्हणाल्या. "तुझे मामंजी सहा वर्षं मुंबईला होते. मला कोणी विचारलं नाय, जातेस का म्हणून. कार्डंही यायची नायत. आली असती तरी ठिपके खरवडायला मला अक्षर कुठे येत होतं?"

मी पदराने डोळे पुसले.

"लावणीला हात कमी पडतील ते पडतील, बाई लावू. पण तोंड फुगवून बसलेली सून चार महिने पावसात घरात ठेवायची, तो चिखल माझ्याने तुडवायचा नाय." आणि उठता उठता म्हणाल्या, "शिवाय आज कार्ड खरवडलंस. उद्या माझं काय काय खरवडशील, काय नेम?"

वाटीत रस उरला होता. तो त्यांनी उरलेल्या चारही साठांवर पसरला. एकाला नऊ थर आणि बाकीच्यांना आठ, असं त्या पाठवणार नव्हत्या.

त्या दिवशी ऊन लपाछपी खेळत राहिलं. दुपारी जरा तापलं, चारला पूर्वेकडून काळं आलं, गडगडलं, आणि अंगणात मातीचा वास उठवून पाच मिनिटांत निघून गेलं. संध्याकाळी साठं वरून चिकट, आतून कोण जाणे. मामंजी अंगठा दाबून तोंड पाडून बसले. "नाय सुकली. मग दोघंही नारळी पुनवेनंतर."

"सून जाते," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या.

"पण ठरलं होतं काय? साठं सुकली तर..."

"सुकलेली साठं कोणीही नेईल. ओल्या साठांना राखायला माणूस नको?"

मामंजींनी यावर विचार केला, आणि त्यांना तो मुद्दा इतका बिनतोड वाटला की रात्री जेवताना त्यांनी तो मला स्वतःचा म्हणून सांगितला.

शनिवारी सकाळी साठं ताटांतून सोडवून दोन सुपांत घातली, सुपं तोंडाला तोंड लावून काथ्याने बांधली आणि वर लुगडं गुंडाळलं. सासूबाई सड्याच्या उतारापर्यंत आल्या. "पोचलीस की आधी ऊन कुठनं येतं ते बघ," त्या म्हणाल्या. "नळ नंतर." मग वळल्या आणि भराभर घराकडे चालू लागल्या, पुन्हा बघितलं नाही.

बंदरावर कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. एक म्हणत होता बोट मालवणला थांबलीच नाही, दुसरा म्हणत होता ती निघालीच नाही, तिसऱ्याने तर ती परत फिरताना बघितली होती. काकू माझ्या हाताला धरून होत्या आणि आभाळाकडे बघून पुटपुटत होत्या. मी दक्षिणेकडे डोळे लावून उभी. अकराच्या सुमाराला भुऱ्या आभाळाला एक काळी रेघ ओढल्यासारखी दिसली. मी तो ढगच धरला. काकू म्हणाल्या, "अगो, धूर तो!" तरी किनाऱ्यावरून नेणाऱ्या पडावात बसून बोटीच्या लोखंडी अंगाला हात लावेपर्यंत मी तो ढगच धरून चालले होते.

मला बोट एवढी लागली की मुंबईपर्यंतच्या समुद्राचं वर्णन मला विचारू नका. सुपं मी मांडीवरून हलू दिली नाहीत. काकू म्हणत, "मेल्या त्या साठांना काय झोळी बांधतेस का?" रात्री एकदा जाग आली तर त्यांनीच आपल्या पदराने ती सुपं झाकून ठेवली होती.

रविवारी सकाळी धक्क्याला लागलो तेव्हा मुंबईत भुरभुर पडत होती. कठड्याशी माणसांची दाटी. मी वरून ह्यांना आधी बघितलं. ह्यांनी मला बघितलेलं नव्हतं. बोटीवर कोण येतंय ते ह्यांना ठाऊक नव्हतं, आमचं उत्तर पोचायला वेळच नव्हता. मी मुद्दाम हात केला नाही. मला बघायचं होतं की हे बायकांच्या घोळक्यात शोधतात की सामान उतरतंय तिकडे. हे दोन्हीकडे बघत होते. एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मध्येच मनगटाने चष्म्यावरचं पाणी पुसत.

खाली उतरले तेव्हा हे समोर आले. काकूंना नमस्कार केला. मग माझ्याकडे वळले, पण बघितलं सुपांकडे.

"साठं?"

"ओली आहेत," मी म्हणाले. बाकी जे काय बोलायचं वाटेत ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"असू दे," हे म्हणाले. "तू भिजली नाहीस ना?"

यात काळजी किती आणि रीत किती, ते चेहऱ्यावरून कळेना. काकूंचा मुलगा आला, त्या गेल्या. ह्यांनी सुपांचं गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं आणि त्या काळच्या पुरुषांच्या पद्धतीने दहा पावलं पुढे, माझी ओळख नसल्यासारखे, भराभर चालू लागले. मी पदर सावरत मागून. गर्दीतून बाहेर पडेपर्यंत ह्यांनी तीनदा मान वळवून मागे बघितलं. पहिल्यांदा मला वाटलं, गाठोड्याची काळजी. मग लक्षात आलं, गाठोडं तर ह्यांच्याच खांद्यावर होतं.